काजलच्या बदली पोपट

माझं नाव पोपट. नाव ऐकून मानसाला वाटतं, गडी पढवलेला असंल. तसं काय नाय. मला 'क' दाखवला तर मी इचारतो, हा कोन्या गावचा? दिवाळी अंकाचे साहेब आमच्या शाळेत आले आन् म्हनले, "मामा, तुमचे अनुभव लिहून द्या." मी म्हनलं, "साहेब, लिहायचं सोडून काय पन सांगा. तुमचा अंक डोक्यावर घेऊन गावभर वाटून येतो." मंग त्यांनी मोबाईल टेबलावर ठिवला, म्हनले, बोला, जसं बोलाल तसं छापू. तवा ह्याच्यात जे शुद्ध असंल ते छापनाऱ्याचं. बाकी समदं माझं.

नाशकातून सायखेड्याकडं निघालं की मधी आमची निवासी शाळा लागती. कामावरची पोरं आनायची, ठिवून घ्यायची आन् शिकवायची, हे आमचं काम. लोक इचारतात, ठिवून कशाला घ्यायची? रोज घरून येऊ द्या की. अहो, घर असंल तर येतीन. आईबाप आज लासलगावला कांद्यात, पुढं द्राक्षात, त्याच्या पुढं वीटभट्टीवर. शाळा एका जागी आन् पोरगं भलतीकडंच. म्हनून पोरगं एका जागी ठिवायचं, आईबाप फिरंनात का. आन् दहा वर्षाचं पोरगं एकदम पहिलीत बसवलं तर त्याचे गुडघे बाकात मावत नाय आन् लाज वर्गात मावत नाय. म्हनून आधी आमच्याकडं तयारी करून घ्यायची, मंग त्याच्या वयाच्या पोरांत सोडायचं.

ह्या समद्यात माझं काम गाडी चालवायचं. शाळेची जुनी जीप हाय. मला रस्त्याचे बोर्ड वाचता येत नाय, तवा इचारत इचारत जातो. एकदा मीटिंगचा हॉल म्हनून वैशालीताईंना लग्नाच्या हॉलवर नेलं. ताई फायली घेऊन आत गेल्या, नवरीकडच्यांनी हाताला धरून पंगतीत बसवलं. जेवून आलो. वैशालीताई म्हंजे आमच्या शाळेच्या मोठ्या बाई. त्या अंगानं एवढ्याशा, पन त्यांनी नुसतं बघितलं तरी जीप आपोआप दुसऱ्या गिअरमधी येती. त्या म्हनतात, "मामा, तुम्हाला वाचता येत नाही म्हणून शाळेला निम्मी मुलं मिळाली." खरंय. रस्ता इचारला की मानूस बोलता होतो, आन् कुठल्या भट्टीवर पोरं हायेत ते बी बोलून जातो.

नवीन पोरं आली की आमच्याकडं रोज तमाशा. एका पोराला दिवसभर वर्गात बसवला, तर संध्याकाळी ऑफिसच्या दारात रांग लावून उभा. "काय रे?" "हजेरी द्या ना. दिवसभर बसलो." बसायचे पैसे मिळत नाय म्हनल्यावर त्यानं मास्तरांना तोंडावर सांगितलं, "मंग तुमी कशाला बसता?" दुसरा अंबडच्या हॉटेलातून आनलेला. वर्गात कोनी बी उठलं की हा फडकं घेऊन बाक पुसायचा आन् वरडायचा, "एक कटिंग, एक स्पेशल!" त्याला काय हसायचं? मी बी त्याच अंबडला कपबश्या इसळत वाढलोय. मला आनायला कोनाची जीप आली नाय, म्हनून मी जीप चालवतो. भट्टीवरच्या एकानं तर पावसाळ्यात समद्या मैदानाच्या इटा पाडून ठिवल्या. झेंडावंदनाला पाहुने आले ते इटांवरून उड्या मारत झेंड्यापाशी गेले.

आता ज्या गोष्टीसाठी समदे मला हसतात ती सांगतो. नाय तर कोनी दुसरा सांगंल आन् त्यात माझी अब्रू ठिवंल.

आमच्या धंद्यात पोराच्या घरी जायची एक रीत हाय. आधी पानी प्यायचं, मंग चहा, मंग पाऊसपानी. शाळेचं नाव लगेच काढायचं नाय, खिशातला पेन तर अजिबात नाय. पेन बघितला की लोकांना वाटतं कायतरी लिहून घेऊन चालला. आन् माझ्यासाठी ताईंची येगळी रीत, "मामा, तुम्ही तोंड उघडायचं नाही."

त्या दिवशी आम्ही लासलगावजवळ एका खळ्यावर गेलो. खळं म्हंजे कांद्याच्या व्यापाऱ्याचं पत्र्याचं शेड. मार्केटात लिलाव झाला की ट्रॅक्टर तिथं येऊन रिकामा होतो. बाया बसून कांदा निवडतात. मोठा येगळा, गोल्टी म्हंजे बारका येगळा, जोड म्हंजे जुळा येगळा, सडका बाहेर. मंग गोन्या भरायच्या, शिवायच्या, ट्रकात लादायच्या. ह्या खळ्यावर सटाण्याकडची बायांची टोळी व्हती आन् तिची मुकादम गयाबाई. गयाबाईचं बोलनं अहिरानी. आवाज असा, की तिनं एकदा हाक मारली तर लिलाववाला बी बोली थांबवायचा.

शेठनं आम्हाला बघितल्या बघितल्या सांगितलं, "ताई, आपल्या खळ्यावर पोरं कामाला नाहीत हां. ती तिथं आहे ना, ती नुसती बसलीय. आईबरोबर येते, खेळते."

मी बघितलं. गयाबाईची नात, काजल, वय दहा. एक पाय झोळीच्या दोरीत, त्यानं बाळ हलवतीय. दोन हातानं गोल्टी निवडतीय. दातात सुतळी धरलीय. असा खेळ मी टीव्हीवर बी बघितला नव्हता.

ताईंनी पानी घेतलं, चहा घेतला, पाऊस कसाय ते इचारलं. काजलची आई मीरा बाजूला मान खाली घालून निवडत व्हती, पन तिचे कान आमच्याकडंच. शेवटी ताईंनी इषय काढला. मला वाटलं गयाबाई हाकलून देईल. ती म्हनली, "पोरगी लई जा. मनी हरकत नही. पन बदली कोन देई?"

हा टोळीचा कायदा. हंगामात मधीच कोनी उठून जायचं नाय. जायचं तर आपल्या जागी मानूस द्यायचा. बाळंतपन आलं तर जाऊ येती, ताप आला तर नवरा येतो. मी माझी रीत इसरून इचारलं, "मावशी, आन् कोनी मेलं तर?"

"मरस तो बी बदली दीसन मरस." म्हंजे मरनारा बी बदली देऊनच मरतो.

ताईंनी माझ्याकडं बघितलं. तिथं मी गप बसायला पायजे व्हतं. पन समोर ती पोरगी माझ्याकडं टुकुटुकु बघत व्हती आन् माझी जीभ माझ्या आधी जीपमधून उतरलेली. म्हनलं, "एवढंच ना मावशी? दहा वर्षाच्या पोरीचं काम ते काय! मी येतो तिच्या बदली."

खळ्यावर समदे हात थांबले. गयाबाई उठली. माझा दंड दाबून बघितला. पोटात बोट खुपसलं. मंग म्हनली, "दात दाखव." मी दाखवले. तिनं मागं जाऊन माझी पाठ बी बघितली. मला शेपूट नाय एवढं तिला पटलं असावं.

"पोयालोंग," ती म्हनली. म्हंजे पोळ्यापर्यंत. पोळ्याला टोळी गावाकडं जायची. तोवर मी तिथं राबायचं आन् पोरगी शाळेत. मधी मी पळालो, नाय तर मला हाकललं, तर पोरगी त्याच दिवशी परत.

जीपमधी काजल मागं बसली, मांडीवर पिशवी. ताई पुढं.

"मामा, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तोंड उघडायचं नाय."

"मग?"

"उघडलं नाय ताई. ते उघडंच व्हतं."

ताई हसल्या नाय. म्हनल्या, "आता ऐका. तुम्ही मागे फिरलात तर ही मुलगी गेली. आणि त्या खळ्यावर आणखी पोरं आहेत. आपण शब्द मोडला तर त्यातलं एकही कधी येणार नाही."

"पन ताई, गाडी कोन चालवनार?"

"मी."

ताईंना तवा फक्त स्कूटी येत व्हती. पुढचं शाळेच्या गेटला इचारा. नवीन बसवलंय, पन त्याला म्हाईत हाय.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. माझं वजन गोनी भरून वर अजून थोडं. मला काजलच्या जागेवर बसवलं, काजलच्याच पाटावर. तो पाट माझ्या खाली कुठं गेला ते संध्याकाळपर्यंत सापडला नाय. मला वाटलं, कांदा काय, बारका-मोठा तर बैलाला बी कळंल. पन मी मोठा म्हनून टाकला तो गयाबाई गोल्टीत फेकायची, मी गोल्टी म्हनलं की ती मोठ्यात. मीरा माझ्या मागं बसून, काय न बोलता, माझं समदं परत निवडायची. म्हंजे माझ्यामुळं तिचं काम डबल.

आन् झोळी! हातानं निवडायचं आन् पायानं झोका द्यायचा. पाय चालू केला की हात थांबायचा. हात चालू केला की पाय थांबायचा आन् बाळ बोंबलायचं. एकदा दोन्ही एकदम चालू झाले तर मी कांद्याला झोका देत व्हतो आन् बाळाला उचलून गोल्टीत ठिवायला निघालो. गयाबाई वरडली, "काजलले कसं जमे? तुले कसं नही जमत?"

तेवढ्यात बाया आठवन करून द्यायच्या. "पोपटभाऊ, पानी आना, काजल आनायची." "पोपटभाऊ, दाभनात सुतळी ओवा, काजल ओवायची." "पोपटभाऊ, बारक्याला परसाकडं न्या, काजल न्यायची." मी म्हनलं, "शेठ तर म्हनत व्हते, ती नुसती बसती!" कोनी हसलं नाय. संध्याकाळी गोनपाटावर पडलो तर पाठ माझी हाय का भाड्यानं आनलीय ते कळंना. नुसतं बसून एवढं दुखत असंल तर काम केल्यावर त्या पोरीचं काय होत असंल, ह्याचा इचार करत झोपलो. मधी घरी गेलो तर बायकोनं दारातच थांबवलं, म्हनली, "आधी वास आत येऊ द्या, मंग तुमी या. दोघं एकदम नका."

तिकडं शाळेत काजलनं गोंधळ घातलेला. ताई फोनवर सांगायच्या. पहिल्याच दिवशी पोरीनं वर्ग ताब्यात घेतला. रांग लावायची तर उंच पोरं एका बाजूला, मधली एका बाजूला आन् बारक्यांना म्हनायची, "गोल्टी, तुमी हिकडं या." मास्तरांना उशीर झाला की दारात उभी, "सर, तुमची बदली कोन?" ताई कित्येक वर्सं मास्तरांना सांगून थकल्या व्हत्या. काजल आल्यापासून मास्तर घंटेच्या आधी यायला लागले. अक्षरं बी अशी उचलली, की ताईंना पुढचं काय द्यावं ते कळंना.

फोनवर ती मला एकच गोष्ट सांगायची. "मामा, चाळीत चढू नको हां. तू जड हाय."

चाळ म्हंजे कांदा साठवायची लांबलचक खोली. खालून वर बांबूच्या पट्ट्या, वारा खेळता रहावा म्हनून. शेठची चाळ खळ्याला लागूनच. पाऊस धरला की आतला कांदा सडतो, आन् एक सडला की शेजाऱ्याला घेऊन सडतो. तवा वर, पत्र्याच्या खाली, कांद्याच्या ढिगावरून रांगत जाऊन सडका येचायला लागतो. तिथं हलकंच मानूस लागतं. म्हनून काजल.

झड लागली आन् शेठ म्हनले, कोनाला तरी चढवा. मीरा उठली. मी तिला बसवलं. एवढे दिवस तिनं माझं निवडलेलं परत निवडलं व्हतं, मला बी काय इज्जत हाय का नाय? म्हनलं, "हे काजलचं काम, म्हंजे माझं काम."

गयाबाई म्हनली, "नको चढू. तुनं पोट गोनीसारखं शे."

मी चढलो. आत अंधार, वास असा की डोळ्याला चव लागावी. रांगत रांगत मधोमध गेलो. हातात एक सडका कांदा आला. लय आनंद झाला, खाली वरडून सांगितलं, "घावला!" तेवढ्यात खालून एक पट्टी मोडल्याचा आवाज. मंग दुसरी. मंग मोजायला येळ मिळाला नाय. गंगापूर धरनाचं दार उघडावं तशी चाळीची एक बाजू उघडली आन् कांदा निघाला, कांद्यावर मी. बाया बाजूला पळाल्या, मी खळ्यातून, दारातून, थेट डांबरी रस्त्यापर्यंत वाहत गेलो. शेवटी शेठच्या पायाशी थांबलो. तो एक सडका कांदा तेवढा हातात तसाच. मी तो शेठला दिला.

शेठ तो कांदा फेकून म्हनले, "ह्याला हाकला! आत्ताच्या आत्ता!"

मी हसायला तोंड उघडलं, आन् मीराकडं बघितलं. ती कांदा येचायला वाकली व्हती, पन येचत नव्हती. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. बदलीला हाकललं. म्हंजे पोरगी परत.

गयाबाई काय वरडली नाय. वरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हात धुतले, पदर नीट केला. "चाल. मी नातले लई येस." म्हंजे नातीला घेऊन येते.

मानसं कोंबून नेनारी काळीपिवळी, पन आम्हाला दोघांना अख्खं बाकडं मिळालं. वास माझा. बाकीचे टपावर गेले, पावसात. रस्ताभर मी गयाबाईच्या इनवन्या केल्या.

"मावशी, चूक माझी, शिक्षा पोरीला कशापायी?"

"शिक्षा नही भाऊ. नियम शे. मीच मोडा तं बाकीन्या बाया काय पाळतीन?"

"शेठला मी हात जोडतो."

"तू हात नको जोडू. आखो काहीतरी मोडी."

आखो म्हंजे आनखी. मी गप बसलो. ताईंना जे कधी जमलं नाय ते त्या बाईनं एका वाक्यात केलं.

शाळेत गेलो तर काजल फळ्यापाशी, हातात खडू. बारक्यांना पाढे म्हनून दाखवत व्हती. तिनं दारात आजी बघितली, मंग मला बघितलं. माझ्या कानात, केसात, समदीकडं कांद्याची सालं.

"चाळीत चढला ना?"

मी खाली बघितलं. जीव असा बारका झाला, की मी बी गोल्टीतच गेलो असतो.

गयाबाई म्हनली, "चाल बेटा. पिशवी ले."

ताई आवाज ऐकून दारात येऊन उभ्या राहिल्या. काजल रडली नाय. खडू खाली ठिवला, हात झाडले आन् आजीला म्हनली, "येस. पन मनी बदली कोन?"

गयाबाईला कळंना. काजलनं बोटांवर मोजून सांगितलं, "सकाळची प्रार्थना मी घेते. रांग मी लावते. बारक्यांना पाढे मी देते. मी हितं कामाला हाय. हंगामात मधीच गेले तर बदली द्यावी लागन ना, आजी?"

ताईंनी बोलायला तोंड उघडलं आन् मिटलं. मी मनात म्हनलं, बघा, जमतं की.

गयाबाई घुटमळली. कायदा तिचाच. मंग तिनं मला पाठीत धपका देऊन पुढं ढकललं. "हाऊ शे ना!" म्हंजे हा हाय ना!

"बघू," काजल म्हनली. आजीनं माझे दात बघितले व्हते, नातीनं माझ्या हातात खडू दिला. "मामा, काय तरी लिही."

मी फळ्यावर बराच येळ खपून एक गोल काढला.

"हे काय?"

"कांदा."

समदा वर्ग बाकावर आडवा. काजल हसली नाय, मुकादम हसत नसती. "बरं. बे चा पाढा म्हन."

"बे एके बे. बे दुने चार. बे त्रिक सहा." हितपर्यंत मला अंबडच्या हॉटेलात आलेलं. "पुढं रस्ता बंद."

काजलनं आजीकडं वळून निकाल दिला. "हाऊ चालत नही. हाऊले काहीच येत नही. दुसरा दे."

ऐका आता. कांद्यात नापास, म्हनून मला वर्गात दिला. वर्गात नापास, म्हनून मला परत केला. एका दिवसात दोन धंद्यांतून हाकललेला मानूस तुमच्या अंकात पहिलाच असंल.

"दुसरा कोठून देऊ?" गयाबाई म्हनली.

"तू बस."

आन् गयाबाई बसली. बाकात तिचे गुडघे मावंनात, तिनं ते आडवे केले. काजलनं तिच्या पुढं पाटी ठिवली, हातात पेन्शिल दिली. गयाबाईनं पेन्शिल इळ्यासारखी धरली. शेजारचं एक बारकं पोरगं आपली पाटी तिच्याकडं सरकवून म्हनलं, "आजी, माझं बघून काढ." ज्या बाईपुढं ट्रकवाले आवाज चढवत नव्हते, ती त्या पोराच्या पाटीकडं बघत राहिली. पेन्शिल पाटीला लागली नाय.

मंग ती हळूच म्हनली, "माले बी नही येत."

तिच्या तोंडून हे वाक्य टोळीत कोनी ऐकलं नसंल. ती उठली, पदर झटकला, आन् परत तिचा तो लिलाव थांबवनारा आवाज आला. "बदली भेटत नही तंवर जाता येत नही. नियम शे." काजलच्या डोक्यावर हात ठिवला, माझा कान धरला. "तू चाल. तुनी बदली बी कोनी नही."

ताईंनी मला कान धरून नेताना बघितलं आन् तोंडावर रुमाल धरून ऑफिसात पळाल्या. हसत व्हत्या का रडत व्हत्या, इचारलं तर आजून सांगत नाय.

खळ्यावर शेठ चाळीच्या पट्ट्या ठोकत व्हते. गयाबाईनं त्यांना तिथूनच सांगितलं, "हाऊ गया तं टोळी गई." भर हंगामात टोळी कोन घालवतं? शेठ हातोडी घेऊन माझ्याकडं बघत राहिले, पन ठोकला खिळाच.

कांद्याला मात्र मला परत हात लावू दिला नाय. झोळ्या तेवढ्या दिल्या. टोळीतल्या समद्या बाळांच्या झोळ्या एका रांगेत, आन् मी एकटा. एक हलवली की दुसरं रडायचं. मंग मी समद्या झोळ्यांना एकच दोर बांधला, दोराचं टोक कंबरेला, आन् विहिरीवरच्या मोटेच्या बैलासारखा पुढं-मागं, पुढं-मागं चालायला लागलो. बाळं झोपली. गयाबाई निवडता निवडता थांबली. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आन् पहिल्यांदाच हसली. तिच्या डोक्यात काय आलं ते मला तवा कळलं नाय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती वाटीत तेल-हळद घेऊन आली. "सदरा काढ." मी घाबरलो. तिनं माझे दोन्ही खांदे चोळले, रगडून, आन् म्हनली, "आज आवतन ल्या, सकाय जेवाले या." सकाय म्हंजे उद्या. हे तर बैलाचे खांदे मळताना म्हनतात! मी म्हनलं, "मावशी, मी मानूस हाय."

"आमना घर बैल नही. दरसाल मातीना पुजतस. औंदा तू शेस."

दुसऱ्या दिवशी ताई जीप घेऊन आल्या, संगं काजल. गेट नव्हतं म्हनून सुखरूप पोचल्या. गावात मारुतीला मिरवनूक. आता गावात बैल कुठं राहिलेत? पुढं दोन जोड्या, मागं फुगे लावलेले ट्रॅक्टर, आन् मधी मी. कपाळाला कुंकू, गळ्यात घुंगराची माळ, पाठीवर झूल म्हनून मीराची जुनी साडी. एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याला इचारलं, "हा कोन्या जातीचा?" दुसरा म्हनला, "खिल्लार नाय. पोट बघ." शेठनं बी येऊन मला नमस्कार केला, म्हनले, "बैलाला बोलून उपयोग नसतो."

खळ्यावर परत आल्यावर गयाबाईनं पुरनपोळी माझ्या तोंडाशी धरली. मी खाल्ली. आतून मातूर भीती वाटत व्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल परत जुंपतात, हे मला बी म्हाईत हाय. आन् मुदत तर आज संपली. टोळी गावाकडं निघाली, बोचकी बांधून तयार, आन् त्यात काजलचं बी एक बोचकं दिसत व्हतं. ताईंनी बी ते बघितलं. कोनी इचारायला तयार नाय. काजल आजीच्या तोंडाकडं बघत उभी.

मी तोंड उघडलं. ताई "मामा!" म्हनल्या, पन उशीर झाला व्हता. "मावशी, आता काय?"

गयाबाईनं माझ्या गळ्यातली माळ सोडली. "तुनी बदली फिटनी," ती म्हनली. मंग ते बोचकं उचललं आन् जीपमधी मागच्या सीटवर ठिवलं. त्यात मीरानं केलेल्या पुरनपोळ्या व्हत्या, वर्गातल्या समद्या गोल्टींसाठी. मंग माझ्या कंबरेचा दोर, झोळ्यांचा, अजून तसाच व्हता, त्याचं टोक तिनं काजलच्या हातात दिलं. "हाऊ बैल तुना. शाळामा लई जा."

मीरानं तोंडावर पदर घेतला. बाकीच्या बाया हसत व्हत्या, आन् त्यातल्या दोघी ताईंना गाठून म्हनल्या, "पुढच्या साली आमची बी न्या. बदलीला पोपटभाऊच द्या. निवडत नाय, पन पोरं झोपवतो." ताई लगेच "चालेल" म्हनल्या. माझं मत कोनी घेतलं नाय. बैलाचं घेत बी नाय.

पुढच्या साली त्या दोघींची आली, आन् मी परत झोळ्या ओढल्या. समदीच पोरं येत नाय. काही खळी, काही भट्ट्या अशा हायेत, की तिथून आम्ही रिकामे आलो. बोर्ड वाचता येत नाय मला, पन ते रस्ते न इचारता सापडतात.

काजल आता आठवीत हाय. तिला इचारलं, माझ्याबद्दल काय सांगू अंकात? म्हनली, "सांग, बे चोक आठपर्यंत आला हाय."

त्या दिवशी पोळ्याहून निघालो तवा ताई म्हनल्या, मामा, आता तुम्ही चालवा, माझ्याच्यानं नाही होत. मी कुंकू तसंच ठिवून स्टेअरिंगवर बसलो. काजल मागच्या सीटवर बोचक्याशेजारी. सायखेड्याच्या फाट्यावर मी सवयीनं चुकीकडं वळायला गेलो, तर कंबरेला हिसका बसला.

"मामा, हिकडं नाय. शाळा तिकडं."

गाडी मी चालवत व्हतो. दोर तिच्या हातात व्हता.